विहिरीतलं पाणी कुठल्या सालचं?

जालना जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यात कुठल्याही वाडीवर गेलात तरी हे चित्र दिसतं. बांधाच्या अलीकडची चाळीस फुटी विहीर तळाला गेलेली असते. पलीकडे सहाशे फुटांचा बोअर मात्र दिवसाला तास-दोन तास का होईना, मोसंबीला पाणी देत असतो. पुढे मृगाचे चार दमदार पाऊस होतात, ओढे वाहतात, विहिरीला पंधरा दिवसांत पाझर फुटतो. बोअरवर त्याचा काही परिणाम दिसत नाही. आणि मग लागोपाठ दोन पावसाळे बरे गेलेले असतानाही एक दिवस तोच बोअर हवा मारायला लागतो.

गावात यावर दहा मतं निघतात. कोणी म्हणतं झरा फिरला, कोणी म्हणतं शेजाऱ्याने आठशे फूट मारला म्हणून आपला आटला. पण या सगळ्याच्या मुळाशी असलेला प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. बोअरमधून येणारं हे पाणी नेमकं कधी पडलेल्या पावसाचं? गेल्या वर्षीचं असेल, तर पुढचा पाऊस ते भरून काढील. आजोबा तरुण असतानाचं असेल, तर आज उपसलेलं पाणी आपल्या हयातीत परत यायचं नाही. पाण्याच्या रंगावरून, चवीवरून किंवा जडपणावरून त्याचं वय सांगता येत नाही.

ते सांगण्याची सोय पावसातच आहे. प्रत्येक पावसात निसर्गतः किरणोत्सर्गी असलेले काही अणू असतात. ते मोजता आले तर पाण्याचं वय काढता येतं. अट एकच: विहिरीचं पाणी प्रयोगशाळेत नेण्याआधी आपल्याकडे पडणारा पाऊस नीट मोजलेला हवा. कमी पावसाच्या प्रदेशात हे काम वाटतं तितकं सोपं नाही, आणि चूक झाली तर पाण्याच्या वयात दहा-दहा वर्षांचा फरक पडतो.

पावसात किरणोत्सर्ग येतो कुठून?

किरणोत्सर्ग म्हटलं की अणुभट्टी किंवा बॉम्ब डोळ्यांपुढे येतो. पण वातावरणात हा उद्योग पृथ्वीच्या जन्मापासून चालू आहे. अवकाशातून अतिवेगवान कण अखंड येत असतात. त्यांना वैश्विक किरण म्हणतात. १९१२ मध्ये व्हिक्टर हेस यांनी फुग्यातून आकाशात जाऊन त्यांचा शोध लावला. हे कण हवेतल्या नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या अणूंवर आदळतात आणि अणुकेंद्रं फोडतात. त्या मोडतोडीतून नवे अणू तयार होतात, आणि त्यांतले काही अस्थिर असतात. कधी ना कधी ते आपोआप फुटतात आणि फुटताना किरण बाहेर टाकतात. यालाच किरणोत्सर्ग म्हणायचं.

आपल्या कामाचा यातला मुख्य अणू म्हणजे ट्रिटियम. तो हायड्रोजनचाच जड भाऊ. साध्या हायड्रोजनच्या केंद्रात फक्त एक प्रोटॉन असतो. ट्रिटियमच्या केंद्रात त्या प्रोटॉनच्या जोडीला दोन न्यूट्रॉन असतात. मूलद्रव्य तेच, पण वजन वेगळं, अशा अणूंना समस्थानिक म्हणतात. हायड्रोजनच असल्यामुळे ट्रिटियम ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि त्याचं पाणीच बनतं. म्हणजे तो पाण्यात विरघळलेला नसतो, तो स्वतः पाण्याचा रेणू असतो. मातीने गाळला जात नाही, खडकाला चिकटत नाही, पाणी जाईल तिकडे जातो. पाण्याचा माग काढायला याहून चांगली खूण नाही.

बाकीचे अणू पाण्याचा भाग होत नाहीत. बेरिलियम-७ हा असाच वैश्विक किरणांतून जन्मणारा अणू हवेतल्या सूक्ष्म धुळीला चिकटून बसतो आणि पावसाबरोबर धुऊन खाली येतो. काही अणूंचा उगम तर जमिनीतच असतो. माती आणि खडकांतल्या युरेनियमपासून रेडॉन नावाचा वायू सतत निघत असतो. तो हवेत फुटतो, आणि त्यातून तयार झालेले शिसं व बिस्मथचे किरणोत्सर्गी अणू धुळीवर बसतात. म्हणूनच जोराची सर आली की किरणमापकाचा काटा चढतो आणि तास-दोन तासांत आपोआप उतरतो. शिसं-२१४ आणि बिस्मथ-२१४ यांचं प्रमाण अनुक्रमे २७ आणि २० मिनिटांत निम्मं होत असल्यामुळे हा खेळ लवकर संपतो.

हे ऐकून पावसात भिजायला घाबरण्याचं कारण नाही. पिण्याच्या पाण्यातल्या ट्रिटियमसाठी जागतिक आरोग्य संघटनेने लिटरला १०,००० बेकेरेल ही पातळी सुचवली आहे. एक बेकेरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं. नैसर्गिक पावसात हा आकडा लिटरला एका बेकेरेलपेक्षाही कमी असतो.

बोटावरची शाई

मतदानानंतर बोटाला लावलेली शाई आठवा. नुकतंच मतदान केलेल्या माणसाची शाई गडद असते, महिनाभराने फिकी होते, पुढे दिसेनाशी होते. बोट पाहून माणूस मतदान करून किती दिवस झाले याचा अंदाज बांधता येतो. ट्रिटियम ही पावसाच्या बोटावरची शाई आहे. पाणी आकाशातून पडतं तेव्हा ती लागलेली असते. पाणी जमिनीत मुरलं आणि वरच्या हवेशी त्याचा संबंध तुटला की नवी शाई लागणं बंद होतं आणि असलेली फिकी होऊ लागते.

फरक इतकाच की बोटावरची शाई कोणाची लवकर तर कोणाची उशिरा फिकी होते, ट्रिटियमला मात्र घाई करता येत नाही. पाणी उकळा, गोठवा, हजार फूट खोल खडकात कोंडा, त्यातलं ट्रिटियम १२.३ वर्षांतच निम्मं होणार. या कालावधीला अर्धायुष्य म्हणतात. पावसात ४ भाग ट्रिटियम होतं असं धरलं, तर बारा वर्षांनी २ उरेल, साधारण पंचविसाव्या वर्षी १, सदतिसाव्या वर्षी अर्धा आणि पन्नाशीला पाव भाग. त्यानंतर उरतं ते इतकं थोडं की मोजणं कठीण. त्यामुळे ट्रिटियमच्या आधारे साधारण गेल्या पन्नास-साठ वर्षांतलं पाणी ओळखता येतं, आणि ट्रिटियम अजिबात नसलेलं पाणी त्याआधीचं असं म्हणता येतं.

हे मोजायचं एकक फार लहान आहे. हायड्रोजनच्या १ वर अठरा शून्यं इतक्या अणूंमागे ट्रिटियमचा एक अणू असेल, तर त्याला एक ट्रिटियम एकक म्हणतात. तरीही एक एकक असलेल्या लिटरभर पाण्यात ट्रिटियमचे पावणेसात कोटींच्या आसपास अणू असतात. त्यातले मिनिटाला फक्त सातेक फुटतात. आपल्याला मोजायचे आहेत ते हे सात.

मुंबईत सुरू झालेलं काम

या विषयात महाराष्ट्राचं नाव जगाच्या पहिल्या फळीत आहे, आणि ते फार थोड्यांना माहीत आहे. १९५० च्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत वैश्विक किरणांवर काम करणारा एक गट होता. देवेंद्र लाल, रामा, पी. एस. गोयल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातल्या पावसाच्या पाण्यातून बेरिलियम-७, फॉस्फरस-३२, फॉस्फरस-३३ आणि गंधक-३५ हे अल्पायुषी अणू शोधून मोजले. उष्ण कटिबंधातल्या पावसाची अशी मोजणी तेव्हा जवळपास कुठेच झालेली नव्हती. १९५९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. याच परंपरेत १९६६ मध्ये व्ही. एन. निजामपूरकर आणि सहकाऱ्यांनी सिलिकॉन-३२ वापरून भूजलाचं वय काढण्याची पद्धत मांडली. त्या अणूचं अर्धायुष्य पुढच्या मोजण्यांत बरंच कमी, म्हणजे सुमारे दीडशे वर्षं ठरलं, पण कल्पना टिकली.

ट्रिटियमची गोष्ट याच सुमारास वेगळ्या वळणावर गेली. अमेरिकेत विलर्ड लिबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निसर्गातल्या ट्रिटियमचा अभ्यास केला होता. बाटलीवर साल छापलेल्या जुन्या वाइनमधलं ट्रिटियम मोजून त्यांनी अर्धायुष्याचा हिशेब ताडून पाहिला होता. पण १९५२ पासून हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्या सुरू झाल्या आणि वातावरणात इतकं ट्रिटियम मिसळलं की नैसर्गिक प्रमाण त्यात बुडून गेलं. १९६३ च्या सुमारास उत्तर गोलार्धातल्या काही ठिकाणच्या पावसात हजारो एककं मोजली गेली. त्याच वर्षी वातावरणातल्या चाचण्यांवर बंदी घालणारा करार झाला आणि तेव्हापासून आकडा उतरत गेला.

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक हवामान संघटना यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पावसातले समस्थानिक मोजण्याचं जगभराचं जाळं उभारलं. त्यात दिल्लीबरोबर मुंबईही होती. बॉम्बचा हा उपद्व्याप भूजलशास्त्रज्ञांना मात्र उपयोगी पडला. १९६३ च्या पावसाची गडद शाई मातीत कुठवर उतरली आहे हे पाहिलं की पाणी वर्षाला किती खाली सरकतं ते कळत होतं. बी. एस. सुखिजा आणि रामा यांनी १९७३ मध्ये भारताच्या कमी पावसाच्या प्रदेशात नेमकी हीच पद्धत वापरून जमिनीत मुरणाऱ्या पाण्याचा हिशेब मांडला.

आज ती सोय संपली आहे. बॉम्बचं ट्रिटियम बहुतेक विरलं, आणि भारतातला पाऊस पुन्हा मोजक्या एककांच्या नैसर्गिक पातळीवर आला आहे. शाई आता मुळातच फिकी आहे, म्हणून ती अधिक बारकाईने पाहावी लागते.

पावणेपाच मिनिटांत एक ठोका

ट्रिटियम फुटताना जो किरण निघतो तो इतका दुबळा असतो की सहा-सात मिलिमीटर हवेतच थांबतो. त्याला त्वचाही भेदता येत नाही. त्यामुळे साध्या किरणमापकाचा इथे उपयोग नाही. पाणी थेट एका द्रवात मिसळावं लागतं. ट्रिटियमचा अणू फुटला की त्या द्रवात क्षणभर प्रकाशाची बारीक ठिणगी उमटते, आणि अंधारात बसवलेली संवेदनशील नळी ती मोजते.

आता प्रत्यक्ष हिशेब करू. समजा पावसात ३ एककं ट्रिटियम आहे. उपकरणात साधारण १० मिलिलिटर पाणी बसतं. तेवढ्या पाण्यात सरासरी पावणेपाच मिनिटांत एक अणू फुटेल. उलट उपकरणात काहीच नसतानाही, आसपासच्या किरणांमुळे, मिनिटाला एखादा तरी खोटा ठोका पडतो. खरा आवाज गोंगाटात हरवून जातो.

यावर उपाय म्हणजे पाणी आटवायचं, पण चुलीवर नव्हे, विजेने. आधी पाणी ऊर्ध्वपातनाने स्वच्छ करतात. मग त्यात थोडा अल्कधर्मी क्षार घालून थंड ठेवलेल्या पात्रात वीज सोडतात. पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन वायू निघू लागतात. हलका हायड्रोजन भराभर निघून जातो, जड ट्रिटियम मागे रेंगाळतं. कित्येक दिवस हे चालू ठेवून अर्धा लिटर पाणी वीस-पंचवीस मिलिलिटरवर आणलं की ट्रिटियमचं प्रमाण पंधरा-वीस पटींनी वाढलेलं असतं. पावणेपाच मिनिटांचा ठोका आता पंधरा-वीस सेकंदांवर येतो. तरीही उपकरण तासन्तास चालवावं लागतं, आणि ट्रिटियम नसलेलं जुनं खोल पाणी शेजारी ठेवून त्याच्याशी तुलना करावी लागते. एक नमुना पुरा व्हायला पंधरवडासुद्धा लागू शकतो.

कोरड्या मुलखात पाऊस कसा गोळा करायचा?

प्रयोगशाळा कितीही चांगली असो, बाटलीत भरलेलंच चुकलं तर पुढचं सगळं वाया. आणि कोकणात पाऊस गोळा करणं वेगळं, जालन्यात वेगळं.

पहिली अडचण पाण्याच्या मापाची. एका पर्जन्यमापकाच्या नरसाळ्याचं तोंड २०० चौरस सेंटिमीटर आहे असं धरा. ५ मिलिमीटरच्या सरीतून त्यात फक्त १०० मिलिलिटर पाणी जमतं. विजेने आटवायला अर्धा लिटर हवं, म्हणजे २५ मिलिमीटर पाऊस झाला पाहिजे. मराठवाड्यात बरेचसे पाऊस याहून हलके असतात. म्हणून एक तर रुंद तोंडाचं नरसाळं लागतं किंवा महिन्याभराचं पाणी एकत्र करावं लागतं. बेरिलियम-७ साठी तर दहा-वीस लिटर पाणी लागतं. त्यासाठी गच्चीवर एक चौरस मीटरचा ट्रे मांडतात, कारण त्यात १ मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर १ लिटर.

दुसरी अडचण उन्हाची. जूनमध्ये सर येऊन गेली की तासाभरात कडक ऊन पडतं. उघड्या भांड्यातलं पाणी उडून जातं, आणि उरलेल्या पाण्याची हवेतल्या बाष्पाशी देवाणघेवाण सुरू होते. त्यामुळे नरसाळ्याखालून बारीक नळी थेट बाटलीच्या तळापर्यंत सोडतात. काही ठिकाणी पाण्यावर पॅराफिन तेलाचा पातळ थर ठेवतात. बाटली सावलीत, शक्यतो जमिनीत पुरलेल्या पेटीत ठेवतात.

तिसरी अडचण थेंबाची. ढगाखालची हवा कोरडी असेल तर हलक्या सरीतला थेंब जमिनीवर यायच्या आधीच थोडा उडतो आणि वाटेतल्या बाष्पाशी त्याचे रेणू अदलाबदल करतात. मराठवाड्यात लांबचा पाऊस तिरपा लोंबताना दिसतो आणि जमिनीपर्यंत पोचतच नाही, त्यामागे हेच कारण असतं. म्हणून हलक्या आणि मोठ्या सरींच्या वेगळ्या नोंदी लागतात.

चौथी धुळीची. जालन्यात पावसाचे खंड लांब असतात. तीन आठवडे उघडीप राहिली की उघड्या ट्रेमध्ये धूळ साचते, आणि तिच्यासोबत बेरिलियम-७ व शिसं-२१० हे अणूही. पुढच्या पावसात ते सगळं धुऊन बाटलीत येतं आणि एकट्या पावसाच्या नावावर जमा होतं. म्हणून पाऊस नसताना ट्रे झाकून ठेवायचा आणि सर सुरू होताच उघडायचा, किंवा कोरडी धूळ वेगळी मोजायची. उघडिपीनंतरच्या पहिल्या सरीत हे अणू सर्वाधिक असतात. पाऊस तासभर लागून राहिला की हवा धुतली जाते आणि प्रमाण घसरतं.

सरासरी कुठली धरायची?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा जूनच्या सुरुवातीच्या वळवात ८ मिलिमीटर पाणी पडलं आणि त्यात ६ एककं ट्रिटियम निघालं. सप्टेंबरच्या झडीत ९२ मिलिमीटर पडलं, त्यात २ एककं. असा फरक खरोखर पडतो. समुद्रावरून ताज्या बाष्पाने भरून येणाऱ्या मोसमी पावसात ट्रिटियम कमी असतं, कारण समुद्रात ते अफाट पाण्यात पातळ झालेलं असतं. जमिनीवरच्या बाष्पातून आणि वरच्या थरांतल्या हवेतून होणाऱ्या पावसात ते सहसा जास्त असतं.

दोन आकड्यांची साधी सरासरी येते ४. पण पाण्याच्या मापानुसार हिशेब केला, म्हणजे ८ ला ६ ने आणि ९२ ला २ ने गुणून बेरजेला १०० ने भागलं, तर उत्तर येतं २.३२. आता शेजारच्या विहिरीत २.३ एककं निघाली तर? पाऊस ४ चा होता असं मानणारा म्हणेल की हे पाणी जवळपास दहा वर्षांचं आहे. ज्याने नीट हिशेब केला तो म्हणेल, हे याच पावसाळ्याचं. विहीर तीच, पाणी तेच, आणि वयात दहा वर्षांचा फरक फक्त पाऊस कसा मोजला यावरून.

त्यातही जमिनीत मुरतो तो सगळा पाऊस नव्हे. वळवाचे आठ मिलिमीटर तापलेल्या मातीतून परत हवेत जातात. पाणी खाली जातं ते झडीच्या आणि मुसळधार पावसात. त्यामुळे सर कधी पडली, किती पडली, याची नोंद बाटलीइतकीच महत्त्वाची.

साडेसहाशेतले छप्पन्न

मुळात किती पाणी खाली जातं, याचं एक उत्तर याच पट्ट्यात मिळालेलं आहे. टाटा संस्थेतच पाण्यातल्या ट्रिटियमवर काम केलेले आर. एन. आठवले पुढे हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेत होते. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या पावसाळ्यात गोदावरी-पूर्णा खोऱ्यात आणि पुण्याकडच्या कुकडी खोऱ्यात मोजणी केली. तेव्हा जालना हा वेगळा जिल्हाही नव्हता. तो १ मे १९८१ रोजी झाला.

त्यांची पद्धत थोडी वेगळी होती. पावसाची फिकी शाई शोधत बसण्याऐवजी त्यांनी पावसाळ्याआधी जमिनीत ठरावीक खोलीवर ट्रिटियमयुक्त पाणी अत्यल्प प्रमाणात टोचलं. पावसाळा संपल्यावर त्याच जागी मातीचे उभे नमुने काढले, थराथरातली ओल वेगळी केली आणि ट्रिटियमचा थर किती खाली सरकला ते पाहिलं. नवं पाणी वरून आलं की जुनं खाली ढकललं जातं. तो थर जितका सरकला त्याला मातीतल्या ओलीच्या प्रमाणाने गुणलं की त्या पावसाळ्यात मुरलेलं पाणी मिळतं.

गोदावरी-पूर्णा खोऱ्याचं उत्तर आलं सरासरी ५६ मिलिमीटर. त्या वर्षीचा पाऊस होता सुमारे ६५० मिलिमीटर. म्हणजे शंभरातला साडेआठ-नऊ भागच जमिनीत खोलवर गेला. एका एकरावर ५६ मिलिमीटर म्हणजे सव्वादोन लाख लिटर, दहा हजार लिटरचे बावीस-तेवीस टँकर. एकरामागे निसर्गाकडून भूजलात होणारी वर्षाची भरती ती एवढीच.

काळ्या मातीत या हिशेबाला एक मेख आहे. उन्हाळ्यात कापसाच्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिल्या जोराच्या पावसाचं पाणी मातीतून झिरपत बसत नाही, भेगांतून थेट खाली मुरमात उतरतं. नंतर माती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी वरच तुंबतं. म्हणून मातीचा थर जे सांगतो ते विहिरीतल्या पाण्याशी ताडून पाहावं लागतं. इथेच पावसाचं नैसर्गिक ट्रिटियम पुन्हा कामाला येतं.

विहिरीचा आकडा कसा वाचायचा?

मराठवाड्याच्या पायाखाली बेसाल्टचे थर आहेत. वर माती आणि मुरूम, मग भेगाळलेला किंवा मांजऱ्या खडक, मग अभेद्य कातळ, आणि खाली पुन्हा तोच क्रम. उथळ विहीर वरच्या मुरमातून पाणी घेते. बोअर कातळ भेदून खालच्या भेगांपर्यंत जातो. दोघांचं पाणी एकमेकांच्या संपर्कात असेलच असं नाही.

स्थानिक पाऊस ३ एककांचा आहे असं धरू. विहिरीतही ३ च्या आसपास आलं, तर ती विहीर गेल्या एक-दोन पावसाळ्यांवर जगते. बोअरमध्ये जवळपास शून्य आलं, तर ते पाणी बॉम्बच्या काळाच्याही आधीचं, आणि वरून त्याला नवी भरती पोचत नाही.

अडचण मधल्या आकड्यांची. दीड एकक आलं तर त्याचे दोन अर्थ निघतात. एक तर सगळं पाणी बारा वर्षांचं असेल, किंवा निम्मं यंदाचं आणि निम्मं कित्येक दशकांपूर्वीचं. बोअर वाटेत अनेक भेगांचं पाणी घेतो, त्यामुळे दुसरी शक्यता मोठी. फरक ओळखायला तीन मार्ग आहेत. पहिला, मे आणि ऑक्टोबर अशा दोन्ही वेळी मोजणं: पावसाळ्यानंतर आकडा उडी मारत असेल तर नवं पाणी मिसळतं आहे. दुसरा, ट्रिटियम फुटून तयार होणारा हेलियम-३ हा वायू मोजणं: शाई किती उडाली त्याचा पुरावाच तो. तिसरा, पाण्यात विरघळलेल्या कर्बातला कार्बन-१४ मोजणं. त्याचं अर्धायुष्य ५,७३० वर्षं असल्याने हजारो वर्षांचं पाणी त्यावरून ओळखता येतं.

धुळीवर आलेले अणू

बेरिलियम-७ आणि शिसं-२१० पाण्याचं वय सांगत नाहीत, पण मातीविषयी सांगतात. बेरिलियम-७ चं अर्धायुष्य ५३ दिवसांचं. ते जमिनीवर पडताच वरच्या काही मिलिमीटर मातीला चिकटतं. एका मोठ्या पावसानंतर उतारावरच्या रानात ते कमी आणि खालच्या बांधापाशी जास्त सापडलं, तर त्या एका पावसात किती माती वाहून गेली याचा अंदाज करता येतो.

शिसं-२१० चं अर्धायुष्य बावीस वर्षांचं आहे. ते तळ्याच्या गाळात थरावर थर साचत जातं, आणि शंभरेक वर्षांपर्यंतच्या गाळाचं वय त्यावरून काढता येतं. जालना शहराला पाणी देणारा निजामाच्या काळातला घाणेवाडीचा तलाव किंवा त्याच्यासारखे जुने तलाव याच कालमर्यादेत बसतात. जिथे गाळ उपसून हलवलेला नाही, तिथला एक उभा नमुना कोणत्या दशकात किती गाळ आला ते दाखवू शकतो.

चौकट: थोडक्यात

• वैश्विक किरणांमुळे वातावरणात सतत ट्रिटियम तयार होतं. ते पाण्याचाच भाग बनून पावसातून जमिनीत जातं.
• दर १२.३ वर्षांनी त्याचं प्रमाण निम्मं होतं. त्यावरून साधारण गेल्या पन्नास-साठ वर्षांतलं पाणी ओळखता येतं.
• पावसातलं हे प्रमाण आरोग्याला अपायकारक पातळीपेक्षा हजारो पटींनी कमी आहे.
• कोरड्या प्रदेशात पाऊस गोळा करताना बाष्पीभवन, धूळ, कमी पाणी आणि हलक्या सरी या चार गोष्टी सांभाळाव्या लागतात.
• सरासरी नेहमी पावसाच्या मापानुसार काढायची.
• १९८० मध्ये गोदावरी-पूर्णा खोऱ्यात सुमारे ६५० मिलिमीटर पावसापैकी सरासरी ५६ मिलिमीटर पाणी जमिनीत मुरलं.

आधी पाऊस, मग विहीर

२०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळून गेल्या. त्यानंतर बोअर आणखी खोल गेले. दुसऱ्या बाजूला कडवंचीसारख्या गावाने पाणलोटाची कामं आणि शेततळी यांच्या जोरावर द्राक्षं उभी केली. बांधबंदिस्तीने उथळ विहिरींना पाणी वाढतं हे शेतकरी डोळ्यांनी पाहतो. पण तेच पाणी सहाशे फुटांवर पोचतं का, हे डोळ्यांना दिसत नाही. त्यावर मतं पुष्कळ आहेत. आकड्यांनी ते ठरवता येतं.

त्यासाठी लागणारी गोष्ट फार मोठी नाही. मुंबईचा आकडा जालन्याला चालत नाही, कारण समुद्रकाठचा पाऊस आणि साडेतीनशे-चारशे किलोमीटर आत येऊन पडणारा पाऊस यांची शाई सारखी नसते. म्हणून जिल्ह्यात दोन-तीन ठिकाणी, समजा भोकरदनच्या डोंगराकडे, जालन्यात आणि गोदाकाठच्या अंबड-घनसावंगीकडे, नीट झाकलेली नरसाळी हवीत. सलग काही वर्षं दर महिन्याची बाटली, आणि तिच्यासोबत सरीगणिक मिलिमीटरची नोंद हवी. एखादी शाळा किंवा कृषी महाविद्यालय हे सहज करू शकतं. महागडी उपकरणं फक्त शेवटच्या टप्प्यावर, मोजणाऱ्या संस्थेत लागतात.

एवढं झालं की मग कुठल्याही बोअरचं लिटरभर पाणी पाठवलं तरी उत्तराला अर्थ येईल. आकडा पावसाच्या जवळ असेल तर त्या शिवारात बंधारे, चर आणि शेततळ्यांवर खर्च करण्यात शहाणपण आहे. आकडा शून्याजवळ असेल तर आणखी दोनशे फूट खोल जाण्याआधी तिथली फळबाग किती एकर ठेवायची याचा विचार करावा लागेल. कारण त्या खोलीवरचं पाणी यंदाच्या पावसाने भरून निघणार नाही. पुढच्या दहा पावसाळ्यांतही ते परत येईल असं गृहीत धरता येणार नाही.